जावईबापूंनी निवडलेला जेट

"काळा!" जावई म्हणाला आणि हातातला स्पार्क प्लग त्याने बायकोच्या नाकासमोर धरला.

"दिसतोय. आधी तो माझ्या टॉवेलमधून काढ."

"काळा म्हणजे काजळी. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. पेट्रोल जास्त, म्हणजे कार्बुरेटरमधला जेट मोठा. कळलं?"

"कळलं. टॉवेल."

मोटरसायकल सासऱ्यांची होती. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर किक मारणं जमेना, तेव्हा त्यांनी तिची किल्ली मोठ्या मनाने जावयाच्या हातावर ठेवली होती. देताना नळाच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडून इंजिन उतरवून, साफ करून, सगळं नीट लावून दिलं होतं. मिस्त्री म्हणजे सासऱ्यांचा शाळेपासूनचा दोस्त. त्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. "अडली तर मिस्त्री आहेतच," एवढंच सासरे म्हणाले होते. जावयाला याहून जास्त सांगणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

जावई विमा कंपनीत नोकरीला होता, पण खरा जीव वाचनात. एखाद्या विषयावर चार गोष्टी वाचल्या की त्या विषयात आपण तरबेज झालो, अशी त्याची प्रामाणिक समजूत व्हायची. पोहण्याबद्दल वाचून पाण्याला सूचना देणाऱ्यांपैकी तो होता. सध्या कार्बुरेटरची पाळी होती. गाडी काळा धूर सोडत होती आणि तिच्या पोटातला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून आत सोडणारा तो इवलासा भोकाचा पितळी तुकडा, चुकीचा बसलाय हे त्याने घरी बसूनच ओळखलं होतं.

रविवारी सासरी जेवताना त्याने निदान जाहीर केलं.

"मिस्त्रींनी जेट मोठा बसवलाय, बाबा. वय झालं त्यांचं. वरचा नंबर बारीक असतो, दिसला नसेल."

सासऱ्यांना जोरात ठसका लागला. सासूबाईंनी पाणी पुढे केलं आणि संधी साधली. "मी कधीची म्हणतेय, त्यांचे डोळे गेलेत. परवा रस्त्यात मला ओळखलं नाही."

"ओळखलं होतं," सासरे पुटपुटले आणि पुन्हा ताटात बघू लागले. जावयाने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'संमती' असा घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना तो प्लग कागदात गुंडाळून मिस्त्रींकडे गेला. गॅरेजात गिऱ्हाईकं होती, हे त्याच्या दृष्टीने चांगलंच होतं. त्याने सगळ्यांना दिसेल असा प्लग उघडला. मिस्त्रींनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"काळा आहे खरा. गाडी घेऊन या ना."

"गाडीची गरज नाही, निदान झालंय. एक नंबर लहान जेट द्या."

मिस्त्रींनी दिला. जावयाने घरी बसवला, हवेचा स्क्रू कान लावून इकडेतिकडे फिरवला आणि चार दिवस गाडी चालवून प्लग काढला. काळा! तो पुन्हा गेला आणि पुन्हा गिऱ्हाईकांसमोर म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही दिला तो खरंच लहान होता का?" मिस्त्रींनी त्याहून लहान दिला. तरीही प्लग काळाच. तिसऱ्या वेळी मिस्त्री बराच वेळ हातातल्या प्लगकडे बघत राहिले.

"चुकलं असेल माझंच," ते म्हणाले. "हल्ली बारीक दिसत नाही. हा सगळ्यात लहान आहे, घेऊन जा. आणि यापुढे दुसरीकडे दाखवत जा."

जावयाला स्वतःचं फार कौतुक वाटलं. माणसाने चूक कबूल केली की आपण जास्त ताणू नये, असा उदार विचार करत तो तिथून निघाला.

त्या आठवड्यात बायको माहेरहून बातमी घेऊन आली. "मिस्त्रीकाकांनी कार्बुरेटरची कामं घेणं बंद केलंय. नुसतं पंक्चर आणि गाड्या धुणं. आणि बाबा संध्याकाळी त्यांच्याकडे जात नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"बाबांनी माझी बाजू घेतली," जावई हळवा होऊन म्हणाला.

"ते काही बोलत नाहीत. खिडकीत बसून असतात."

तो सगळ्यात लहान जेट मात्र लागू पडला. प्लग छान बिस्किटी रंगाचा निघाला. जावयाने तो बायकोला दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला आणि मग बायकोला मागे बसवून गाडी सासऱ्यांना दाखवायला नेली. सासरे "वा" म्हणाले. मग "जरा धूळ पुसतो" म्हणून फडकं घेऊन खाली गेले आणि लगेच वर आले.

निघताना सासूबाई गॅलरीत, शेजारीपाजारी आपापल्या गॅलऱ्यांत, असा थाटाचा निरोप होता. जावयाने ऐटीत किक मारली. गाडी फाटकाबाहेर पडली, दोनदा खोकली आणि बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज काढून भर रस्त्यात गप्प झाली. पुन्हा किक, पुन्हा बार. गॅलरीतून कुणीतरी "पेट्रोल आहे का?" असं विचारलं. ज्याचं निदान तिसऱ्या फेरीत अचूक ठरलं होतं, त्याला हा प्रश्न फार लागला.

त्याने गाडी ढकलत नेली. मागून नव्या सँडलमध्ये बायको चालत होती आणि प्रत्येक पाऊल मुद्दाम आपटत होती, हे जास्त भयंकर होतं.

पुढच्या वळणावर दम खायला थांबल्यावर तो इंजिनाशेजारी उकिडवा बसला. कार्बुरेटरला चोकचा छोटा खटका असतो. सकाळी गार इंजिन सुरू करताना हवेची वाट बंद करायची आणि गाडी तापली की उघडायची, एवढंच त्याचं काम. तो खटका वर होता.

"हा वर कसा गेला? मी खाली ठेवला होता. तुझी पर्स अडकली असणार."

खाली केल्याबरोबर गाडी सुरू झाली. तो खूश होऊन उठणार, तेवढ्यात त्याला खटक्याशेजारी मळाखाली काहीतरी कोरलेलं दिसलं. त्याने अंगठ्याने घासलं. एक बाण होता. तो खाली वळलेला होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'हवा बंद'.

जावयाचा अंगठा तिथेच राहिला. त्याच्या जुन्या स्कूटरचा खटका खाली केला की वाट उघडायची. म्हणून गाडी मिळाली त्या पहिल्याच दिवशी, सासरे विसरले वाटतं, असं म्हणत त्याने हा खटका खाली केला होता आणि मग कधी वर केलाच नव्हता. आतली झडप झिजलेली, म्हणून इंजिन बिचारं चालत तरी होतं. म्हणजे जेट पहिल्यापासून बरोबर होता; आताचा सगळ्यात लहान जेट उघड्या हवेला पुरला नाही, म्हणूनच ते बार झाले. मिस्त्रींचे डोळे बरोबर होते. हवेची वाट स्वतः बंद करून तो त्या म्हाताऱ्याला चारचौघांत विचारत होता, पेट्रोल जास्त का सोडलंत?

त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल अशी त्याला आशा होती. ती हसली नाही.

"काकांना सांग," ती म्हणाली. "जेवढ्या लोकांसमोर बोललास, तेवढ्या लोकांसमोर."

दोन दिवसांनी तो मोटरसायकल घेऊन सासऱ्यांना न्यायला गेला. "बाबा, चला. मला मिस्त्रींची माफी मागायचीय."

सासरे दचकले. "कशाला? मिटलं की ते आता. उगाच उकरून काढायचं..."

"मिटलेलं नाही. चला."

गॅरेजात मिस्त्री एका सायकलचं पंक्चर काढत होते. बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती. सासरे दारातच, अर्धे आत अर्धे बाहेर, उभे राहिले. दोघा दोस्तांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

"मिस्त्री," जावई म्हणाला, "जेट तुम्ही बरोबरच बसवला होता. चूक माझी होती. सगळी माझी."

मिस्त्रींनी मान हलवली. "राहू दे. मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

"खरंच!"

"मोठ्या मनाचे आहेत जावईबापू," दारातून सासरे घाईघाईने बाकाला उद्देशून म्हणाले. "दुसऱ्याची चूक अंगावर घेतात."

बाकावरच्यांनी कौतुकाने बघितलं. आयुष्यात कधी नव्हे तो खरं बोलायला आलेला जावई आता थोर ठरत होता. त्याच्या अंगावर काटा आला.

"अहो, मी मूर्ख आहे!" तो ओरडला. "चोक लागलेला होता! परवापर्यंत, रोज! मी खटका खाली केला होता!"

मिस्त्रींचा हात टायरवर थांबला. "परवापर्यंत? सलग एवढे दिवस? शक्यच नाही. कधीतरी वर केला असणार."

"नाही रे," सासरे बोलून गेले. "पहिल्या दिवसापासून खालीच होता. शेवटी परवा मीच गुपचूप वर केला तेव्हा..."

बोलता बोलता ते थांबले, पण फार उशिरा.

मिस्त्री सावकाश उठले. "तुला माहीत होतं?"

सासरे गुडघा चोळू लागले.

"मी इथं स्वतःला आंधळा समजून बसलो आणि तुला माहीत होतं?"

"दिसलं होतं रे पहिल्याच दिवशी," सासरे जमिनीकडे बघत म्हणाले. "पण जावयाला कसं सांगायचं, खटका उलटा केलाय म्हणून? पोरीच्या घरचा माणूस. वाईट वाटलं असतं. तुला काय, तुला समजावता आलं असतं नंतर. मग नंतर तुझ्यासमोर यायलाच तोंड राहिलं नाही."

बाकावरचा एकजण खोकला. जावयाने सासऱ्यांकडे बघितलं. आपला मान राखायला या माणसाने शाळेपासूनचा दोस्त पणाला लावला, हे त्याला कळलं. मग ते दोघं शेजारी शेजारी, एकाच शाळेतली मुलं शिक्षा भोगतात तसे, मान खाली घालून उभे राहिले.

"जावयाला बोलायचं नाही, सासऱ्याला बोलायचं नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "बरं. मी तुमच्यात ना सासरा ना जावई. मला बोलता येतं."

आणि मिस्त्री बोलले. शाळेपासूनचं बोलले, विमा कंपनीवर बोलले, वाचनावर बोलले. शेजारच्या दुकानदाराने नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद केला. आणि असं बोलता बोलता त्यांनी दारातल्या मोटरसायकलचा कार्बुरेटर कधी खोलायला घेतला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.