वळणावरचा तास

मोबाइलचं नेटवर्क कसं चालतं हे युगांडातल्या आमच्या खोऱ्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. ही बढाई नव्हे. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, आणि दुसरं कुणी ते शिकवत नाही, एवढंच. म्हणून भाचीच्या पाठवणीत वेळेचा घोळ होऊ द्यायचा नाही, ही जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली. आमच्याकडे पाठवणीत आत्याचा मान मोठा. आत्या म्हणेल ते होतं. त्या दिवशीही आत्या म्हणाली तेच झालं, आणि सगळा गोंधळ त्यातूनच झाला!

माझ्या थोरल्या भावाचं नाव तिबेसिग्वा. म्हणजे 'यांचा भरवसा नाही'. आमच्या डोंगरांत मुलांची नावं ठेवताना आईबाप शेजाऱ्यांना टोमणे मारून घेतात, तसलंच हे एक. शेजारी विसरले, पण दादाने ते नाव मनावर घेतलं. वहिनी लवकर गेली. ओरिशाबाला त्याने एकट्याने वाढवलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं, आणि तिला मागणी घालायला आलेल्या प्रत्येकात काही ना काही खोट काढली. एकाची मान लांब होती, दुसरा हसताना आवाज करायचा नाही. मग पलीकडच्या डोंगरमाथ्यावरचा बेइंगाना आला. बटाट्याचं बियाणं पिकवणारा, शांत, कष्टाळू मुलगा. दादाला त्याच्यात एकही खोट सापडेना, आणि त्यामुळे दादा फारच चिडला!

होकार तर द्यावा लागला. पण पाठवणीचा दिवस ठरवताना त्याने वऱ्हाडाला अट घातली.

"दहाला फाटक बंद. माझ्या फोनवर दहा वाजले की बंद. त्यानंतर देव आला तरी उघडणार नाही."

"आणि ते उशिरा आले तर?" मी विचारलं.

"तर पुढच्या वर्षी या म्हणावं. ज्याला वेळ पाळता येत नाही, त्याला माझी मुलगी काय सांभाळता येणार?"

संध्याकाळी ओरिशाबा माझ्याकडे आली. घेवडा सोलत बसली, पण टरफलं टाकत होती भांड्यात आणि दाणे टाकत होती कचऱ्यात.

"आत्या, बाबांना ते उशिराच यायला हवेत."

"ठाऊक आहे."

"ते खरंच फाटक लावतील गं. आणि एकदा लावलं की हट्टाने पुन्हा उघडणार नाहीत. काहीतरी कर ना! तू एवढी विज्ञानवाली!"

आता असं म्हटल्यावर कोण गप्प बसेल?

तुम्हाला आधीचं थोडं सांगायला हवं. आमच्याकडे पहिला मोबाइल आला तेव्हा नेटवर्क फक्त निलगिरीच्या झाडाखालच्या वारुळावर यायचं. वारुळावर एका पायावर उभं राहून, कबाले शहराच्या दिशेला कान करून बोलायचं. त्यामुळे कुणाची म्हैस... चुकलं, आमच्याकडे म्हशी नाहीत, कुणाची गाय व्याली आणि कुणाचा जावई पळाला, हे रांगेतल्या सगळ्यांना एकदमच कळायचं. मग कबालेला मनोरा उभा राहिला, खोऱ्यात घरोघर आवाज येऊ लागला. पुढे चित्रं येऊ लागली, मग चालती चित्रं. माथ्यावरच्या लोकांसाठी एक छोटा मनोरा झाला. सरहद्दीपलीकडे रवांडावाल्यांनीही एक उंच मनोरा उभारला, तो नेमका आमच्या माथ्याकडे तोंड करून. पूर्वी आम्ही नेटवर्ककडे चालत जायचो. आता नेटवर्क आमच्याकडे येतं, तेही न बोलावता. मी वर्गात हे मोठ्या कौतुकाने सांगते. न बोलावता येणाऱ्या पाहुण्याबद्दल सावध राहावं, हे मात्र पुस्तकात कुठेच नव्हतं.

तर मी माथ्यावर, मुलाच्या घरी गेले. बघते तर प्रत्येकाच्या फोनवर वेगळी वेळ! मुलाचे काका कारेगेया यांचा फोन पुढे, मुलाच्या आईचा मागे, आणि मुलाचा फोन त्या दोघांत भांडण नको म्हणून मधोमध. सगळ्यांनी वेळ हाताने लावलेली. वेळ आपोआप लावून घेण्याची सोय प्रत्येक फोनमध्ये बंद!

"ही बंद का ठेवली आहे?" मी विचारलं.

"विकत घेतला तेव्हापासून तशीच असेल," मुलाची आई म्हणाली.

"मॅडम, राहू द्या ना," कारेगेयाकाका म्हणाले. "आमचा फोन जरा विचित्र आहे. स्वयंपाकघरात बसलो तरी म्हणतो, रवांडात आपलं स्वागत आहे! माझी म्हातारी आई जन्मात हा डोंगर उतरली नाही, पण फोनच्या मते ती महिन्यातून दोनदा परदेशी जाऊन येते."

सगळे हसले. मीही हसले. आणि हसत हसत, पुढचा विचार न करता, त्यांना उपग्रहांतल्या घड्याळांबद्दल सांगितलं. ती घड्याळं किती अचूक, मनोरे त्यांच्याकडून वेळ कशी घेतात, फोन मनोऱ्याकडून कशी घेतात. "म्हणजे तुमच्या आणि दादाच्या फोनमध्ये डोळ्याची पापणी लवण्याइतकाही फरक राहणार नाही!" असं म्हणून मी एकेकाचा फोन घेऊन ती सोय सुरू करून दिली. सगळ्यांवर एकच वेळ उमटली. मुलाच्या आईने माझे हात हातात घेतले. परत येऊन दादालाही तेच ऐकवत त्याचा फोन तसाच लावून दिला. ओरिशाबाला म्हटलं, आता निश्चिंत झोप.

पाठवणीच्या आदल्या दुपारी माथ्यावर वीज पडली आणि तो छोटा मनोरा बंद पडला. मला हे समजलं होतं. पण माझ्या मनात एवढंच आलं, बिचाऱ्यांना आज फोन लागायचा नाही.

सकाळी आमचं अंगण फुललं. मांडवाला केळीची पानं, मोठमोठ्या घागरींत ज्वारीची आंबील, बायका खांद्यावर गाठ मारलेल्या रेशमी वस्त्रांत फुलपाखरांसारख्या भिरभिरत होत्या. दादा मात्र फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता, फोन तळहातावर धरून, जणू त्यात अंडं उबवतोय. दहा वाजायला आले तरी वाटेवर कुणी दिसेना.

मी फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. काकांना, मुलाला, मुलाच्या आईला, सगळ्यांना लावला. वाजत होते, म्हणजे नेटवर्क होतं!

"उचलत नाहीत?" दादाने विचारलं. आवाजात काळजी होती, पण डोळ्यांत नव्हती.

"चालत असतील."

"हो. पुढच्या वर्षाकडे!"

मागे दारात ओरिशाबा उभी होती. सजलेली, आणि चेहरा मात्र परीक्षेत पेपर कोरा ठेवलेल्या मुलीसारखा. ते पाहिलं, आणि मी रेशमी वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचून चढाच्या वाटेला लागले. माझ्या विद्यार्थ्यांनी मला पळताना पहिल्यांदाच पाहिलं असणार!

खोऱ्यातून वर जाताना एक मोठं वळण लागतं, तिथे डोंगराचा खांदा कबालेकडची बाजू झाकून टाकतो. त्या वळणापलीकडे, गवतावर, सगळं वऱ्हाड निवांत बसलं होतं! कुणी पानाने बूट पुसतंय, कुणी टोपी झटकतंय, नवरदेव काकांकडून भाषणातले शब्द घोकून घेतोय.

"अरे, मॅडम सामोऱ्या आल्या!" कारेगेयाकाका उठले. "केवढा हा मान!"

"काका, इथे बसलात काय?"

"लवकर पोहोचलो ना. लवकर गेलं की माणूस भुकेला दिसतो. म्हटलं, नऊच तर वाजलेत, जरा टेकावं."

"फोन का उचलला नाहीत?"

"रवांडाचं स्वागत आलं होतं हो! त्या स्वागतात कोण फोन उचलतो? उचलला की फोनमधले सगळे पैसे गिळून टाकतं ते!"

मी माझा फोन पाहिला. नऊ वाजून गेले होते, दहा नव्हे. क्षणभर वाटलं, धावल्यामुळे माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात फोन थरथरला. रवांडात आपलं स्वागत आहे.

आणि मला सगळं कळलं. माथ्यावरचा मनोरा बंद, म्हणून फोनांनी पलीकडचा मनोरा धरला. रवांडाचं घड्याळ आमच्या मागे एक तास. फोनांनी आज्ञाधारक मुलांसारखं ते आपोआप लावून घेतलं, कारण ती आज्ञा त्यांना मीच देऊन आले होते! परीक्षेत एखाद्या मुलीने हे उत्तर लिहिलं असतं तर मी आनंदाने पूर्ण गुण दिले असते.

"इथून हलू नका!" मी ओरडले आणि उतारावर सुटले.

फाटक लागलं होतं. दादा आत उभा.

"दादा, ते केव्हाचे येऊन वळणावर बसलेत. तिकडे अजून दहा वाजलेले नाहीत."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"वळणापलीकडे. तिथे फोन रवांडाची वेळ दाखवतो. माथ्यावरचा मनोरा..."

"जसेंता, परवा तूच म्हणालीस, पापणी लवण्याइतकाही फरक नाही."

"हो, पण उपग्रह..."

"ते उपग्रह पाठवणीला आलेत का? आले असतील तर त्यांना आंबील दे. फाटक उघडणार नाही."

अंगणात कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, आत्यानेच मोडलं बरं का. दुसरी म्हणाली, हिचं स्वतःचं लग्न झालं नाही ना, म्हणून! मला राग येत नाही सहसा. तेव्हा आला.

"दादा, तुझी अट काय होती? तुझ्या फोनवर दहा वाजले की फाटक बंद. बरोबर?"

"अगदी बरोबर. आणि वाजले."

"मग तोच फोन घेऊन माझ्याबरोबर वळणावर चल. तुझाच फोन काय म्हणतो बघू."

"मी नाही येणार."

"बाबा," ओरिशाबा पुढे आली. तिने एवढंच म्हटलं, "जाऊन बघा ना."

तो गेला. त्याच्यामागे सगळं अंगण निघालं.

वळण ओलांडून दादा फोनकडे बघत उभा राहिला. फोन असा तिथल्या तिथे बदलत नाही, नवा मनोरा शोधायला वेळ घेतो. म्हणून दादा मान खाली घालून, दोन्ही हातांत फोन धरून, स्तब्ध उभा. ते पाहून कारेगेयाकाकांना वाटलं, ही मुलीकडची प्रार्थना. त्यांनी टोपी काढली. सगळ्या वऱ्हाडाने टोप्या काढल्या आणि माना खाली घातल्या. मग मुलीकडच्यांनीही घातल्या, न जाणो मुलाकडची पद्धत असेल!

"गेला!" दादा ओरडला. "तास मागे गेला!"

"आमेन!" वऱ्हाड म्हणालं.

दादाने तापमापी झटकतात तसा फोन झटकला. मग माघारी वळणाच्या अलीकडे गेला, पुन्हा मान खाली. सगळं वऱ्हाड पाठोपाठ अलीकडे, माना खाली. तास परत आला. आमेन! पुन्हा पलीकडे. तास गेला. आमेन! एवढ्या मनोभावे तर आम्ही चर्चमध्येही उभे राहत नाही.

शेवटी दादा वळणापलीकडे थांबला. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तो भांडतो, अडतो, पण दिलेला शब्द फिरवत नाही.

"माझ्या फोनवर," तो सावकाश म्हणाला, "अजून दहा वाजलेले नाहीत."

नवरदेवाने सुटकेचा श्वास सोडला.

"पण इथे फाटक कुठे आहे?" दादाचा शेवटचा प्रयत्न! "फाटकाशिवाय स्वागत कसं होणार?"

मघाशी मला टोमणा मारणाऱ्या त्याच दोघींपैकी एकीने खांद्यावरून घेतलेलं वरचं रेशमी वस्त्र सोडलं आणि दोघींनी त्याची दोन टोकं धरून ते वाटेवर आडवं ताणलं. झालं फाटक! घागरी वर आणल्या. आमच्या गावातली पहिली पाठवणी अशी, जिच्यात वऱ्हाडाचं स्वागत रवांडाच्या वेळेनुसार झालं आणि जेवण युगांडाच्या.

जेवणं झाली, भाषणं झाली, कारेगेयाकाकांनी आपलं भाषण दोनदा केलं. चार वाजता मुलीने निघायचं ठरलं होतं. चार वाजले, ओरिशाबा सज्ज, आणि दादाचा पत्ता नाही! घरात नाही, गोठ्यात नाही. मला अंदाज आला. आम्ही सगळे वर गेलो.

तो वळणापलीकडे एका दगडावर बसला होता, फोन तळहातावर.

"दादा, चार वाजले. त्यांना डोंगर चढायचा आहे."

"माझ्या फोनवर तीनच वाजलेत."

कुणीतरी हसलं. कारेगेयाकाकांनी आपला फोन पाहिला, मग दादाकडे पाहिलं आणि टोपी काढून गवतावर बसले. "खरंच की. तीनच वाजलेत. काय घाई आहे!"

सगळे बसले. ओरिशाबा बापाशेजारी दगडावर बसली.

"तिकडे नेटवर्क येतं ना नीट?" दादाने विचारलं.

"येतं. कधी आपलं, कधी त्यांचं."

"फोन करशील तेव्हा कुठलं आहे ते सांगत जा. नाहीतर मी उगीच वाट बघेन."

ती हो म्हणाली. खाली खोऱ्यात धूर चढत होता. वेळ निर्माण करता येत नाही, फक्त मोजता येते, हे मी दरवर्षी शिकवते. तिथे मी ते कुणाला सांगितलं नाही.

तास काही पुरा झाला नाही. माथ्यावर मनोरा दुरुस्त करणाऱ्यांनी नेमकं तेव्हाच काम संपवलं. गवतावर बसलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. दादाने तळहाताकडे पाहिलं. चार कधीच वाजून गेले होते. त्याने मान वर केली आणि एवढ्या सगळ्या माणसांत फक्त माझ्याकडे पाहिलं.

"जसेंता! हेही तूच केलंस ना?"

मी शपथेवर सांगते, मी नव्हतं केलं. पण त्या दिवशी माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं!