करंदीकर काकांचे झुबे

टोकियोजवळच्या आमच्या ग्योतोकुच्या इमारतीत जळाऊ कचरा टाकायच्या दिवशी खाली गेलं, की करंदीकर काका हमखास गाठतात. खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढतात आणि गोळीऐवजी कानातले पुढे करतात.

"सायली, तासभर घालतेस? पोवळ्याला अंग लागतं गं. डबीत ठेवलं की फिकं पडतं."

पहिल्यांदा मी दचकले होते. शेजारचे साठीतले गृहस्थ, एका हातात कचऱ्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात खांद्यापर्यंत लोंबणारे सोन्या-पोवळ्याचे झुबे! आता आम्ही सगळ्या बायका ते पाळीपाळीने घालतो. इटलीतल्या शेतकरणींचे जुने झुबे घालून मी नाक्यावरच्या कोंबिनी स्टोअरमधून दूध आणलंय, ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगलाही बसलेय. आमच्या साहेबांनी, तानाका-साननी, बोलता बोलता थांबून विचारलं होतं, "आज तुमचा सण आहे का?"

काकांना इटलीतलं बाकी काही आवडत नाही. पिझ्झाला ते 'अर्धवट पराठा' म्हणतात. पण तिथल्या शेतकरणींचे दागिने म्हणजे जीव की प्राण. जुन्या बाजारांतून एकेक शोधून आणलेले. राण्यांच्या दागिन्यांचं नाव काढा, लगेच हात झटकतात. "ते मिरवायला. हे नांदायला."

झुबा तळहातावर ठेवून ते म्हणणार, "दिसायला भाकरी, वजनाला पापड! सोनं थोडं आणि हौस दांडगी. म्हणून पातळ पत्रा, आतून पोकळ." पोवळ्याची इवलीशी फांदी दाखवून म्हणणार, "ही तान्ह्या बाळाला. दृष्ट लागू नये म्हणून. आपला बजरबट्टूच की!"

गणपतीत एका वहिनींनी नाक मुरडलं, "पोकळ आहेत? मग काय एवढं कौतुक?"

"वहिनी, बासरीही पोकळच असते," काका म्हणाले आणि शांतपणे दुसरा मोदक घेतला.

काकांची मुलगी रेवा इटलीत असते. तिथल्याच मुलाशी लग्न केलं, डोंगरातल्या गावात राहते. लहानपण सगळं जपानमध्ये गेलेलं. एका रविवारी दुपारी काकांनी मला झुबे घालून घरी बोलावलं. विहीणबाईंना व्हिडिओ कॉलवर ते कानात घातलेले दाखवायचे होते.

स्क्रीनवर रेवा आणि शेजारी तिच्या सासूबाई आसुंता. तिकडे सकाळ होती, बाई शेंगा सोलत होत्या.

"विचार त्यांना," काका म्हणाले, "असे झुबे माहेरचे की सासरचे?"

"बाबा, मागच्या रविवारी सांगितलं ना!" पुढचं ती जपानीत सांगू लागली.

"दागिन्यांतलं जपानी मला कळत नाही. मराठीत सांग."

रेवाने सुस्कारा सोडून सासूबाईंना विचारलं. आसुंताबाई हातवारे करत बराच वेळ बोलल्या, शेवटी डोळे मिचकावून काहीतरी पुटपुटल्या. काका खो खो हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "काय म्हणाल्या गं?"

रेवा शब्द शोधत सांगू लागली, "त्या म्हणतात, झुबे सासरचे, पण भांडण झालं की... बायको झुबे घेते आणि आईच्या घरी जाते."

"माहेरी," काका हळूच म्हणाले.

"हां, माहेरी."

मग बाळीचा फासा कसा, माळ किती पदरी, असं बरंच चाललं. फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला इटालियन येतं?"

ते चष्मा पुसत राहिले. "येतं थोडंफार. क्लास लावलाय. रेवाला सांगू नकोस."

"का?"

"घरात बोलायचं खातं हिच्याकडे, रेवाच्या आईकडे होतं. ही गेल्यावर मी रेवाला फोन करायचो. 'कशी आहेस?' 'दाइजोबु.' 'जेवलीस?' 'हाय.' नुसतं ठीक आणि हो, तेही जपानीत. संपलं. मग एकदा विहीणबाईंच्या गळ्यातली माळ दिसली, सहज विचारलं. रेवा मराठीत अर्धा तास सांगत होती." त्यांनी चष्मा चढवला. "मला इटालियन कळतं म्हटलं, तर ती फोन त्यांच्या हातात देऊन निघून जाईल."

काका चहाचं आधण ठेवायला उठले. स्वयंपाकघरातून त्यांचा खुशीतला आवाज आला, "पुढच्या रविवारी नथीचं विचारणार आहे. त्यांच्या गावात कुणी नथ घालत नव्हतं, मला माहितेय. पण एवढं सांगायलाही तिला पाव तास तरी लागेल."