काट्यावरचं ग्राफिक्स कार्ड

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, सकाळी साडेअकराची वेळ. वर्ध्यातलं कम्प्युटरचं एक दुकान. रक्कम एकोणतीस हजार. हजर माणसं तीन: मी, दुकानदार आणि माझी चुलतवहिनी, विमलवहिनी. दुकानदाराने काउंटरवर दोन ग्राफिक्स कार्डं ठेवली, एक नवंकोरं आणि एक आधीच्या पिढीचं, वापरलेलं. वहिनींनी पिशवीतून भाजीचा काटा काढला आणि नवं कार्ड त्यावर ठेवलं.

"साडेपाचशे ग्रॅम." मग जुनं ठेवलं. "नऊशे चाळीस." त्यांनी दुकानदाराकडे असं पाहिलं, जणू त्याने मापात मारलं होतं. "एकोणतीस हजाराचं साडेपाचशे ग्रॅम, अन् अठराचं नऊशे चाळीस? काऊन जी?"

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी पंख्याकडे बघू लागलो.

मी कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये हिशेब लिहितो. आकड्यांनी मला सहसा धक्का बसत नाही. विमलवहिनींनी मात्र मला आजवर जितके धक्के दिले, तितके कापसाच्या भावानेही दिले नसतील.

वहिनी पवनारच्या. साठीला आलेल्या. दोन एकरात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि सकाळच्या बसने वर्ध्याच्या बाजारात आणून विकतात. जगातली कुठलीही वस्तू वजन केल्याशिवाय त्यांना पटत नाही. "ठेवा काट्यावर, पाहू," हे त्यांचं पालुपद. चष्मा घेतला तो दोन फ्रेमी तोलून. माझ्या मुलीचं कॉलेजचं पुस्तक तोलून म्हणाल्या, "सहाशे रुपयाले तीन पाव? माह्या वांग्यानं काय पाप केलं?" लग्नाची पत्रिका आली की आधी वजन, मग मुहूर्त.

पण खरा धक्का दोन वर्षांपूर्वीचा. रविवारी संध्याकाळी मी सहज पवनारला गेलो. आत वहिनी डोक्यावरच्या पदरावर हेडफोन चढवून कम्प्युटरसमोर बसल्या होत्या. पडद्यावर गव्हाचं शेत आणि त्यात एक भलंमोठं कापणीचं यंत्र. यंत्र वहिनी चालवत होत्या. मी दारातच थिजलो.

"वहिनी, हे काय?"

"सोंगणी करून राह्यली. चपला बाहेर काढा, भाऊजी."

"दिवसभर वावरात, अन् संध्याकाळी पुन्हा वावरात?"

"या वावरात डुकरं येत नाई न जी."

पडद्यावर पलीकडे एक ट्रॅक्टर चालला होता. तो प्रफुल्ल चालवत होता, पुण्यात बसून. प्रफुल्ल वहिनींचा एकुलता एक मुलगा. वडिलांशी भांडून घराबाहेर पडला तेव्हा, मरेन पण वावरात पाय ठेवणार नाही, असं सांगून गेलेला. ते, म्हणजे माझे चुलतदादा, वारल्यावर दिवाळीपुरता येऊ लागला. नवा कम्प्युटर घेतला तेव्हा जुना आईकडे आणून ठेवला आणि गंमत म्हणून हा खेळ शिकवला. फोनवर त्यांचं बोलणं 'जेवली का' आणि 'जेवली' यापुढे जात नसे. खेळात मात्र दर रविवारी दोन तास, "आई, डावीकडून घे" आणि "डिझल पाह्य आधी, मग तोंड चालव" असं सुरू असायचं.

आता त्या खेळाची नवी आवृत्ती आली होती. प्रफुल्ल रविवारपासून तिकडे जाणार होता. वहिनींच्या जुन्या कार्डाची मेमरी चार जीबी. त्यावर नवा खेळ सुरूच होईना.

"तो नव्या वावरात जाऊन राह्यला," वहिनींनी मला फोनवर सांगितलं, "अन् मी इकडंच राहीन. तुमी हिशोबाचे माणूस. चला दुकानात."

म्हणून मी चार संध्याकाळी बसून अभ्यास केला होता आणि स्वतःच चक्रावलो होतो. दुकानात वहिनींना तेच सांगितलं: आधीच्या पिढीच्या कार्डात मेमरी बारा जीबी, नव्यात आठ.

"नव्याचं टोपलं लहान?" वहिनी ओरडल्या.

"मेमरीकडे जायचा रस्ताही अरुंद. जुन्यात एकशे ब्याण्णव बिट, नव्यात एकशे अठ्ठावीस."

"पाटही अरुंद! अन् पैसे जास्त! बाप्पा!"

दुकानदार घाईने म्हणाला, "मावशी, नव्यात चिपच्या आतच साठा मोठा आहे. सारखं बाहेर जावं लागत नाही. चित्रं जास्त वेगानं काढतं. आणि वीज बघा, जुनं एकशे सत्तर वॅट खातं, हे एकशे पंधरा."

मी माझा निकाल दिला. नवं घ्यावं. वेग जास्त, वीज कमी, तीन वर्षांची हमी. जुन्याला सहा महिन्यांचा दुकानदाराचा शब्द, आणि वर त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय चार हजारांचा.

"ते राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "एक ट्रॅक्टर शेवटच्या बांधापर्यंत न्या."

"कशाला?"

"माह्या कार्डात तो बांधापल्याड गेला का गायब होते. आवाज येते, पण दिसत नाई."

दुकानदाराने खेळ सुरू केला, लांबचं दिसण्याची मर्यादा वाढवली आणि दोन्ही कार्डं आळीपाळीने लावून दाखवली. दोन्हींत ट्रॅक्टर शेवटच्या बांधावर मुंगीएवढा, पण स्पष्ट दिसत होता.

"दोन्हीत दिसते न? मग जड द्या."

माझ्या चार संध्याकाळी नऊशे चाळीस ग्रॅमखाली चिरडल्या गेल्या.

रविवारी कार्ड नीट चालतं का ते बघायला मी पवनारला गेलो. दूरच्या बांधावर ट्रॅक्टर दिसत होता.

"आई, दिसून राह्यलो का?" स्पीकरमधून प्रफुल्ल.

"दिसून राह्यला. वाकडा चालवून राह्यला."

गहू निघाला, विकला गेला. वहिनींनी दोन बटणं दाबली.

"आई, हे पैसे काऊन पाठवले?"

"मजुरी."

"अवं, खेळ आहे हा."

"हो न. खऱ्या वावरात तुह्या बाबानं दहावीपासून राबवलं तुले. तू एकदा मजुरी मागतली तं जेवत्या ताटावरून उठवलं. मी तिथंच पोळ्या करत होती. चूप राह्यली."

मी हादरलो. भांडण कशावरून झालं, हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. पडद्यावरचा ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. वहिनी त्या मुंगीएवढ्या ट्रॅक्टरवरून नजर हलवत नव्हत्या.

"आई," शेवटी प्रफुल्लचा आवाज आला, "इतक्या वर्षांची एवढीशीच?"

"बाकीची दर रविवारी देईन. घ्याले येत जाजो."

तर शेवटी दिलेली रक्कम अशी. दुकानदाराला कार्डाचे अठरा आणि पॉवर सप्लायचे चार, मिळून बावीस हजार रुपये. प्रफुल्लला मजुरीपोटी, खेळातले बाराशे.