अर्ध्या भावातलं जहाज

"पूर्ण भाव?" खरेदीसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "या घरात? मी जिवंत असताना?"

टेबलावर फोन स्पीकरवर होता आणि फोनमध्ये त्यांची लेक होती. उंच आणि काटकुळी म्हणून लहानपणीच तिचं नाव शेंग पडलं होतं. आता ती इंजिनियर होऊन दूरच्या शहरात नोकरीला लागली होती, तरी घरात ती शेंगच होती.

"बाबा, एका गेमची तर गोष्ट आहे. बंगला नाही घेत आहोत. मी इथून पाठवते ना आईला."

"तू काही पाठवू नकोस. मी बघतो."

"मी बघतो" हे दोन शब्द आले की त्या घरातला विषय संपायचा. पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते आणि त्यांच्या नजरेखालून सांगितलेल्या किमतीला एक स्क्रूसुद्धा आजवर आत आला नव्हता. पुरवठादार त्यांच्या केबिनमध्ये हसत शिरत आणि बाहेर पडताना स्वतःच्याच खिशाकडे संशयाने पाहत. घरच्या पडद्यांपासून स्वतःच्या दाढेपर्यंत सगळं त्यांनी भाव करून घेतलं होतं. दाढेच्या डॉक्टरने तर नंतर दवाखान्याची जागाच बदलली, पण त्याचा या गोष्टीशी संबंध असेलच असं नाही.

गेम हवा होता त्यांच्या पत्नीला. त्या मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. संगणकावर परिचारिकांच्या पाळ्या लावण्यापलीकडे त्यांनी कधी काही केलं नव्हतं. पण शेंग फोनवर "मस्त चाललंय" म्हणायची, आणि "मला काही होत नाहीये" असं म्हणणाऱ्या माणसाचा ताप ओळखण्यात मेट्रनबाईंची उभी हयात गेली होती. लेकीला शनिवारची संध्याकाळ खायला उठते, हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. खोलीवरच्या मुली आपापल्या घरी जायच्या आणि ही एकटीच संगणकासमोर बसून जहाजाचा एक गेम खेळायची. चौघांनी मिळून जहाज हाकायचं, तोफा भरायच्या, पाणी शिरलं की उपसायचं. जोडीला कुठले कुठले अनोळखी खलाशी असायचे. "आई, एक जागा रिकामी आहे गं," ती सहज म्हणाली होती. "तू ये ना. नुसतं पाणी उपसायचं." मेट्रनबाईंनी त्याच क्षणी ठरवलं होतं की शनिवारी संध्याकाळी पोरीपाशी घरचं माणूस असलंच पाहिजे.

खरेदीसाहेब कामाला लागले. अधिकृत दुकानातला भाव पाहून ते तुच्छतेने हसले. मग शोधता शोधता त्यांना एक भलतंच दुकान सापडलं. तिथे डबा नाही, तबकडी नाही, फक्त अक्षरं आणि आकडे असलेला एक कोड विकत होते. तो कोड टाकला की गेम आपला. आणि भाव? निम्म्याहून कमी! खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "ठरावीक प्रदेशापुरते मर्यादित." साहेबांनी ते वाचलं आणि इस्त्रीच्या खोक्यावर "ओल्या हाताने वापरू नये" लिहितात त्यातलाच हा प्रकार, असं ठरवून पुढे गेले. विक्रेत्याला त्यांनी लिहून आणखी थोडा भाव पाडायला लावला, कारण न भांडता मिळालेली सूट त्यांना पचत नसे.

आठवडाभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता.

"आजकालच्या मुलांना खरेदी येत नाही हो," ते स्टोअरकीपरला म्हणाले. "दुकानदार जे सांगेल ते देतात."

"तुम्ही शिकवणी लावा साहेब," स्टोअरकीपर म्हणाला. तो खरंच म्हणाला की टोमणा मारला, हे साहेबांना कळलं नाही. त्यांनी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

शनिवारी संध्याकाळी मेट्रनबाई केस बांधून, चष्मा पुसून, ड्यूटीवर निघाल्यासारख्या संगणकापुढे बसल्या. साहेबांनी ऐटीत कोड टाकला. पडद्यावर अक्षरं उमटली, "हे उत्पादन आपल्या प्रदेशात वापरता येणार नाही."

"काय म्हणतोय तो?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"काही नाही. गाडी पहिल्या किकला कुठे सुरू होते?"

त्यांनी विक्रेत्याला खडसावून लिहिलं. उत्तर लगेच आलं. कोड उघडून पाहिलेला असल्यामुळे परत घेता येणार नाही. मात्र आपण त्या प्रदेशात आहोत असं संगणकाला भासवणारा एक प्रोग्रॅम मिळतो, तो चालू करावा, नवीन खातं उघडावं आणि सोबत दिलेला पत्ता आपला म्हणून लिहावा. तो पत्ता समुद्रापलीकडच्या कुठल्याशा लॉंड्रीचा होता. साहेब क्षणभर घुटमळले. पण शेजारी बायको होती आणि पलीकडे लेक वाट पाहत होती. त्यांनी लॉंड्रीत मुक्काम ठोकला.

आणि काय आश्चर्य, गेम सुरू झाला! लाटा उसळल्या, शिडं फडफडली. "बघ!" साहेब छाती फुगवून म्हणाले. "निम्म्या भावात अख्खा समुद्र!" समुद्र अख्खाच होता, फक्त त्यावरचं एक अक्षरही कुणाला वाचता येत नव्हतं.

फोन वाजला. "आई, आलीस का? मी बंदरावर उभी आहे."

"मीही बंदरावरच आहे गं."

"मग दिसत का नाहीस? मी दीपस्तंभाखाली आहे."

"मी पण दीपस्तंभाखालीच आहे. इथे एक दाढीवाला आहे, तो तू आहेस का?"

"आई! मी दाढीवाला कशाला होऊ?" मग तिने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही हा गेम घेतला कुठून?"

बाबांनी सांगितलं. पलीकडून एक लांब उसासा ऐकू आला. "बाबा, तो दुसऱ्या प्रदेशाचा कोड आहे. त्यांचा समुद्र वेगळा, आमचा वेगळा. आई जन्मभर वल्हवत राहिली तरी माझ्यापर्यंत पोचायची नाही." ती हसण्याचा प्रयत्न करत होती. "जाऊ दे. पुढच्या शनिवारी बघू. मला काही नाही वाटत."

हे शेवटचं वाक्य ऐकून मेट्रनबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की साहेब पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, ते बराच वेळ तिथेच पाणी पीत राहिले.

या गडबडीत तो भासवणारा प्रोग्रॅम बंद करायचा राहूनच गेला. रविवारी साहेबांनी वाणसामान मागवायला घेतलं, तर दुकानाने कळवलं की आम्ही आपल्या देशात माल पोचवत नाही. वैतागून त्यांनी वीजबिल भरायला घेतलं, तर बँकेने कार्डच गोठवलं. मग निदान कचेरीची मेल तरी पाहावी म्हणून त्यांनी ती उघडली आणि आ बैल मला मार केलं.

सोमवारी त्यांना महाव्यवस्थापकांनी बोलावलं. शेजारी सुरक्षा अधिकारी होता.

"परदेशवारी कशी झाली?" महाव्यवस्थापकांनी विचारलं.

"कुणाची?"

"तुमची. काल तुम्ही समुद्रापलीकडून मेल उघडलीत. आपल्याशी स्पर्धा करणारा पंपांचा कारखाना तिथेच आहे. तुम्ही नोकरी बदलताय का? तसं असेल तर स्पष्ट सांगा."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही, त्याच्यावर फितुरीचा आळ! साहेबांचा चेहरा लाल झाला. इमान सिद्ध करायचं तर गाढवपणा कबूल करायला हवा होता. त्यांनी शेंग, जहाज, कोड, लॉंड्री, सगळं सांगून टाकलं. सुरक्षा अधिकारी खिडकीबाहेर पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते.

"म्हणजे," महाव्यवस्थापक सावकाश म्हणाले, "अटी न वाचता तुम्ही माल घेतलात?"

"वाचल्या होत्या," साहेब म्हणाले. "मनावर घेतल्या नाहीत."

नव्या मुलांना "आधी अट, मग भाव" असं घोकवून घेणारा माणूस तो हाच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! दुपारपर्यंत गोष्ट स्टोअरपर्यंत पोचली होती. "साहेब, शिकवणी कधीपासून?" स्टोअरकीपरने विचारलं. या वेळी टोमणा आहे हे साहेबांना बरोबर कळलं.

मान खाली घालून ते घरी आले, तर आतून दरडावण्याचा आवाज. "ए! झोपलास काय? पाणी कोण उपसणार, तुझे आजोबा? आणि तू, दाढीवाल्या, खिदळू नकोस, दोर ओढ!"

मेट्रनबाई परक्या समुद्रावर होत्या. रविवारी दुपारी त्यांनी कुतूहलाने गेम उघडला होता, तेव्हा तिथले तीन खलाशी बुडत्या जहाजावर एकमेकांशी भांडत होते. ते दृश्य वॉर्डातल्या भेटीच्या वेळेपेक्षा काही वेगळं नव्हतं. मेट्रनबाईंनी मायक्रोफोन हातात घेतला आणि आपल्या स्वच्छ मराठीत तिघांना झापलं. शब्द एकालाही कळला नाही. सूर मात्र तिघांनाही कळला, कारण तो सूर जगात सगळीकडे आयांचाच असतो. जहाज बुडालं नाही. खलाशांनी एकमताने सुकाणू बाईंच्या हवाली केलं.

"काय गं, हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी पोरं," मेट्रनबाई नजर न हलवता म्हणाल्या. "दाढीवाला कामाचा आहे, फक्त लाडावलेला."

साहेबांच्या मनात अभिमान दाटून आला. आपल्या बायकोने भाषा न येता, नकाशा न वाचता परमुलखात जहाज ताब्यात घेतलं होतं! पण त्या अभिमानाला एक काटा होता. लेक तिकडे एकटीच होती, आणि ती एकटी राहिली होती ती वडिलांच्या सौद्यामुळे.

बँकेचं कार्ड मोकळं झालं त्याच दिवशी ते अधिकृत दुकानात शिरले. भाव पाहिला. अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. मग डोळे मिटून बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी छापील भावाने काहीतरी घेतलं होतं, आणि इतकं करूनही छप्पर कोसळलं नाही.

शनिवारी त्यांनी बायकोला बातमी दिली. "घे. शेंगेचा समुद्र आणलाय. बस."

"मी?" मेट्रनबाई म्हणाल्या. "आज माझ्या जहाजाची शर्यत आहे. पोरांना वाऱ्यावर सोडू? ड्यूटी टाकून जाणारी बाई नाही मी. तुम्हीच जा तिच्याकडे."

"मी काय बोलू तिच्याशी?"

हा प्रश्न खोटा नव्हता. बापलेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस?", "हो बाबा", "पैसे आहेत ना?", "हो बाबा" एवढंच असे. बाकी सगळं आईच्या वाट्याला.

"बोलायचं कशाला? पाणी उपसा," मेट्रनबाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

साहेब शेंगेच्या जुन्या खोलीत जाऊन तिच्या जुन्या संगणकापुढे बसले. दीपस्तंभाखाली एक उंच, काटकुळी खलाशीण उभी होती.

"बाबा? तुम्ही?" शेंग किंचाळलीच. "अहो, भिंतीत घुसताय! उजवीकडे वळा! उजवीकडे!"

पहिला अर्धा तास साहेबांनी मन लावून जहाजाचं नुकसान केलं. तोफ स्वतःच्याच शिडावर डागली. दोनदा समुद्रात पडले. जोडीचे दोन खलाशी कण्हत होते आणि शेंग पोट धरून हसत होती. इतकं तिला हसताना त्यांनी ती शाळेत असल्यापासून ऐकलं नव्हतं. मग जहाज फाटकं शीड घेऊन एका बेटाला लागलं. तिथल्या व्यापाऱ्याकडे नवं शीड होतं, पण जहाजाच्या तिजोरीत तेवढी नाणी नव्हती.

"संपलं," एक खलाशी म्हणाला. "भाव ठरलेला असतो इथे. चला, नवा डाव मांडू."

साहेबांनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापारी गेममधला का असेना, व्यापारी होता. साहेबांनी सवयीनेच पाठ फिरवली आणि दुकानाबाहेर चालू लागले. उंबऱ्याशी पोचले तोच मागून हाक आली. व्यापाऱ्याने भाव उतरवला होता. साहेब थांबले नाहीत. पायरी उतरले. व्यापाऱ्याने आणखी उतरवला. मग ते वळले आणि शीड घेतलं.

"हे असं होतं?" खलाशी पुटपुटला. "आम्ही वर्षभर पूर्ण भाव देतोय! शेंग, कोण आहे हा माणूस?"

"माझे बाबा आहेत," शेंग म्हणाली. मग सगळ्या समुद्राला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "माझे बाबा आहेत ते!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरी समुद्र अंधुकच दिसत होता. आजवर कारखान्याने दिलेली सगळी मानपत्रं त्यांना त्या एका वाक्यापुढे रद्दी वाटली. "एक मिनिट हं कॅप्टन," ते म्हणाले आणि बायकोला सांगायला धावले.

त्यांनी धाडकन दार उघडलं. मेट्रनबाईंचा संगणक बंद होता. त्या दाराशेजारीच भिंतीला खुर्ची टाकून, कान देऊन बसल्या होत्या. डोळ्यांना पदर लावला होता आणि गालांत हसत होत्या.

"अगं, तुझी शर्यत?"

"कसली शर्यत?" मेट्रनबाई म्हणाल्या. "जा लवकर. कॅप्टन वाट बघतेय."