पन्नाशीतली कानटोचणी

बायकोला मदत करायची नाही, असा माझ्या संसारातला साधा नियम आहे. (नियम तिनंच केलाय, मी फक्त पाळतो.) गेल्या उन्हाळ्यात बडनेरा स्टेशनवर मी तो एकदा मोडला आणि पुढचं सगळं घडलं.

अकोल्याला लग्न होतं. अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत स्कूटर, पुढे रेल्वे, असा बेत. आमच्याकडे उन्हाळ्यात बाई स्कूटरवर बसली की डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं डोकं स्कार्फमध्ये गुंडाळते. त्यात साधनाची गाठ म्हणजे काही विचारू नका. गाडीची घोषणा झाली तरी सुटेना.

"थांब, मी सोडतो," मी म्हणालो आणि एक सणसणीत हिसका दिला.

स्कार्फ सुटला. त्याच्यासोबत डाव्या कानातला झुमकाही आला आणि कानाची पाळी खालून दोन झाली. (वर्षानुवर्षं जड झुमके घालून तिची भोकं आधीच लांबट झाली होती, सुताएवढी कातडी काय ती उरली होती. हा माझा बचाव. घरी तो चालला नाही.)

"रगत येऊन राहिलं काय?" साधनानं विचारलं.

"थोडंसं."

"अन झुमका?"

"माझ्या हातात आहे."

"तुमच्या हातात काहून? इकडं द्या पह्यले!"

लग्न राहिलं. आम्ही आल्या पावली घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा मागितली. "वहिनींच्या कानांचं ऑपरेशन? ऐकू येत नाही का त्यांना?" साहेबांनी काळजीनं विचारलं. "येतं ना साहेब, सगळंच येतं," मी म्हणालो. गल्लीत मात्र मी जरा रुबाबात 'प्लास्टिक सर्जरी' असं सांगितलं. संध्याकाळी शेजारच्या बेबीताई येऊन साधनाचं नाक निरखत बसल्या. "चांगलं तं होतं व तुहं नाक. काहून बदलून राहिली?"

डॉक्टर तरुण आणि सभ्य होते. फाटलेली पाळी जोडू, दुसऱ्या कानाचं ओघळलेलं भोकही बुजवून टाकू, जागा बधिर केली की दुखणार नाही, म्हणाले. मला बाहेर बसायला सांगत होते. मी म्हटलं, नाही, बायकोला धीर द्यायला मी आत थांबणार. त्यांनी इंजेक्शनची सुई वर धरली, एवढंच मला आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी बाजूच्या खाटेवर पाय उंच करून पडलो होतो आणि दोन्ही कानांना पट्ट्या लावलेली साधना मला लिंबू सरबत पाजत होती.

टाके निघाले. कान छान जुळून आले. "आता तीन महिने कानात काही घालायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मग या, व्रणाच्या बाजूला मी नवीन भोक पाडून देतो."

"तुमी नाई," साधना म्हणाली. "कान मामाच्या मांडीवर टोचतेत."

डॉक्टर गोंधळले. "ते तर बाळांचं असतं ना?"

"मंग कान नवे हायेत ना माहे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. शेवटी जागेची खूण करून देतो, सुई निर्जंतुक असू द्या, एवढ्यावर ते कबूल झाले. घरी येईपर्यंत मी हसत होतो. "तुला अंगडं-टोपडं शिवायला टाकू का?" असंही विचारलं. ती हसली नाही, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

साधना पाळण्यात होती तेव्हा तिचे वडील गेले. अचलपूरच्या मोतीराममामांनी तिला वाढवलं, त्यांच्याच मांडीवर तिचे कान टोचले, त्यांच्या शेवंतीच्या आणि झेंडूच्या वाफ्यांतून ती रांगली. अलीकडे मामांची आठवण जात चालली आहे. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसं. कान फाटायच्या आधीच्या दिवाळीत ही पाया पडली तर मामा घाईघाईनं हात जोडून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. कोणाच्या बाई तुमी?" तिथं ती दिवसभर हसतमुख राहिली आणि परतताना एसटीत अमरावतीपर्यंत रडली. त्यानंतर ती अचलपूरला गेलीच नव्हती.

फाटलेला कान डॉक्टर जोडू शकले, पण यावर कोणाकडे इलाज नव्हता. चेहरा पाहून जे आठवत नाही ते मांडीवर डोकं ठेवलं तर आठवेल, अशी तिची भाबडी आशा होती. मला ती खुळी वाटली. तिला पुन्हा त्या एसटीत रडताना पाहायची भीतीही वाटली. पण नाही म्हणवेना.

तीन महिन्यांनी खुणेचे ठिपके लावलेले कान घेऊन आम्ही अचलपूरला पोचलो. मामांच्या सुनेनं, दामिनीनं, सोनाराला बोलावून ठेवलं होतं. मामा अंगणात बाजेवर बसले होते.

"या बाई, बसा," ते साधनाला म्हणाले. "कोणाच्या तुमी?"

"मामा, मी साधी."

"असन, असन," मामा समजूतदारपणे म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. साधनानं मान फिरवली.

सोनारानं सोन्याच्या तारा, सुई आणि गुळाचा खडा ताटलीत मांडला. ते पाहून मामा ताठ बसले. "कान टोचाचे हायेत काय? लेकरू कुठी हाय?"

मला राहवलं नाही. (माझं नेहमी इथंच चुकतं.) "येऊन राहिलं मामा, लेकरू," मी म्हणालो.

झालं! मामा फाटकाकडे नजर लावून बसले. सोनार पुढे सरकला की हातानं थांबवायचे. "लेकरू येऊ द्या ना! लेकराबिगर कोणाचे कान टोचता?" दामिनीनं समजावलं, सोनारानं समजावलं. दामिनी माझ्याकडे अशी बघत होती की मी फाटकाबाहेर जाऊन कोणाचं तरी मूल उचलून आणावं की काय असं मला वाटायला लागलं.

साधना उठली, जमिनीवर बसली आणि तिनं मामांच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"मामा, मीच आहो लेकरू."

मामा गांगरले. त्यांचे हात थोडा वेळ हवेतच राहिले. मग एक तळवा हळूच तिच्या डोळ्यांवर आला. दुसऱ्या हातानं त्यांनी ताटलीतला गुळाचा खडा उचलून तिच्या तोंडात घातला. "रडू नोको व माय, झालंच," ते म्हणाले. सुई अजून जवळही आली नव्हती, पण साधना हमसून हमसून रडत होती. सोनारानं तेवढ्यात दोन्ही कान उरकले.

मामांचं बोट तिच्या डाव्या पाळीवरच्या व्रणावर थांबलं.

"साधे, कान कोनं फाडला व तुहा?"

दामिनीनं तोंडाला पदर लावला. साधना श्वास रोखून तशीच पडून राहिली. बोलली तर हे जाईल अशी तिला भीती वाटली असावी. तिनं फक्त हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं.

मामांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हा पोरगा तुले पाह्याले आला काय? याले नाई द्याची आपली पोरगी. जपत नाई हा."

मग त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. थोड्या वेळानं हात थांबला. "चहा घेऊन जाजा बाई," ते तिला म्हणाले. गेलं होतं ते सगळं.

एसटीत साधना एका हातानं कानाजवळचा पदर सांभाळत होती आणि दुसऱ्यानं डोळे पुसत होती. "साधे म्हणले मले," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी हो हो म्हणत होतो. माझ्या डोक्यात मात्र मामांचं 'जपत नाई हा' घोळत होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या घरी माझ्या बाजूनं कोणी नव्हतं. नोकरी कच्ची, तब्येत किरकोळ, असं सगळे म्हणत होते. एकटे मोतीराममामा म्हणाले होते, पोरगं गरीब हाय, पण जपन आपल्या पोरीले. त्या एका शब्दावर मी बोहल्यावर चढलो.

"तुझ्या माहेरी माझ्या बाजूचं एकच माणूस होतं," मी म्हणालो. "आज तेही फिरलं."

"पाह्यलं मी."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"माहं काय?" साधना नाक पुसत म्हणाली. "मामाच्या शब्दाबाहेर मी कधी गेली काय?"

आणि ती खिडकीकडे सरकून बसली.