आक्कांची मागची वाट

भूगावात खोली भाड्याने देताना तानूआक्का आधी माणसाचे पाय बघतात. आधार कार्ड वगैरे त्यांचा मुलगा बघतो. मी लातूरहून हिंजवडीच्या नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांनी मला अंगणातच चपला काढायला लावल्या. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "टाच चांगली हाय. सामान आण." माझ्या आधी आलेल्या एकीला म्हणे नुसत्या बुटांवरून परत पाठवलं होतं. "मऊ बूट, मऊ माणूस!"

याचं कारण चैत्रात कळलं. वाघजाईच्या जत्रेला सगळं गाव डांबरी रस्त्याने गाड्या घेऊन जातं. तिथं डीजे, पार्किंगची भांडणं, ही लांब रांग. आक्का मात्र मागच्या डोंगरवाटेने पायी जातात. सत्तरी ओलांडल्यावर मुलांनी अट घातली, सोबतीला कुणी असेल तरच पायी, नाहीतर मुकाट्याने गाडीत. सुनांना सुट्टी नाही, नातवंडांना मोबाईल सुटत नाही. उरले भाडेकरू.

"गाडीत घालून न्यायला मी काय आजारी हाय? देवीला चाललीया, दवाखान्यात न्हाई!"

तर निघालो. बिल्डरच्या प्लॉटची तार आडवी आली की आक्का ती उचलून खालून जायच्या आणि पलीकडून माझ्यासाठी धरून ठेवायच्या. "चाललं न्हाई की वाट मोडती गं," असं दर चढाला एकदा. मी जिमला जाते याची त्यांना भारी गंमत. मला धाप लागली तशी वळून म्हणाल्या, "त्या पट्ट्यावर रोज चालतीस, कुटं पोचलीस का कधी?"

देवळात गावकऱ्यांनी विचारलं, "आक्का, यंदा बी चालत?"

"मग काय उडत? आन ही बी चालत आलीया. आमची भाडेकरीन!" कुस्ती मारून आलेला पोरगा दाखवावा तशी त्यांनी मला चारचौघांत फिरवली. खोटं कशाला सांगू, माझीही छाती फुगली.

उतारावर, लवळे गावाच्या अंगाला, ती वाट एका हॉस्टेलच्या गेटाशी येते. चढताना आक्का तिथून मान खाली घालून गेल्या होत्या. येताना थांबल्या आणि रखवालदाराला म्हणाल्या, "घोटभर पानी दे रं बाबा."

"आक्का, बाटली भरलेली आहे की," मी म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही.

रखवालदार आतून पेला घेऊन आला. "किसके घर आयी हो, अम्मा?"

"माझ्याच."

आक्का गेटाजवळच्या दगडावर बसून सावकाश पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हितंच घर व्हतं आमचं. भाऊ गेलं, भाच्यांनी जमीन इकली. गाडीचा रस्ता हिकडनं जात न्हाई." शेवटचा घोट घेऊन म्हणाल्या, "आन माहेराला येऊन आपल्या बाटलीतलं पानी पित्यात व्हय?"

मी हातातली बाटली पिशवीत सरकवली.

रखवालदाराने रिकामा पेला घेतला आणि सहज म्हणाला, "फिर आना, अम्मा."

आक्का उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. "येते रं बाबा," म्हणाल्या, आणि सासरच्या वाटेला लागल्या.