वर्गाबाहेर उभे बाबा

“बाबा, तुम्हाला वर्गाबाहेर उभं का केलं होतं?”

बस, एवढंच विचारायचं होतं. जेवताना, सगळ्यांसमोर, बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून. मैत्रिणींनी तशी पैजच लावली होती. मी घसा साफ केला, खुर्चीत ताठ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “बाबा, जरा मीठ देता?”

मीठ मिळालं, पैज हरले, आणि माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं प्रकरण सुरू झालं.

कसली कारकीर्द, असं विचारणारे वाचक नवखे असणार. मी गुप्तहेर आहे. इयत्ता नववी. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजरीची (दारं माझ्या अंगावर आपटतात ती त्यांच्या स्वभावामुळे). तर्क इतका धारदार की अधूनमधून मलाच कापतो. माझे शत्रू म्हणतात की हिला आजवर एकही प्रकरण सोडवता आलेलं नाही. मी म्हणते, माझ्या तावडीतून आजवर एकही प्रकरण सुटलेलं नाही. सगळी अजून माझ्याकडेच आहेत.

गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात तोंड उघडायची ते फक्त जांभई द्यायला. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. शेवटचं बाक, खिडकीची बाजू, तोंडाला कुलूप. मग माझ्या दोन्ही बाजूंना या दोघी येऊन बसल्या आणि ते कुलूपच कुठेतरी हरवलं. या वर्षी बडबड केल्याबद्दल मला पहिल्यांदा वर्गाबाहेर उभं केलं, तेव्हा शाळेतून आलेला फोन ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं.

या दोघी म्हणजे माझ्या साहाय्यक. एक खारूताई. ही कायम काहीतरी कुरतडत असते आणि तिच्या गालात नेहमी थोडा साठा असतो. दुसरी वकीलीणबाई. ही कोणत्याही बाजूने भांडू शकते, आणि समोर कोणी नसलं तर दोन्ही बाजूंनी.

प्रकरण आणलं वकीलीणबाईंनी. त्यांची ताई विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे आणि माझे बाबा तिला सांख्यिकी शिकवतात.

“ताईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं,” मधल्या सुट्टीत वकीलीणबाईंनी साक्ष दिली. “वर्गाचं दार बंद. आत एक करड्या स्वेटरवाल्या बाई मुलांशी बोलतायत. आणि तुझे बाबा बाहेर. भिंतीला टेकून. मान खाली.”

“मग ताईने विचारलं नाही, काय झालं म्हणून?”

“ताईला उशीर झाला होता. तिला वाटलं, सरांनाही उशीर झाला म्हणून आत घेतलं नाही. सरांनाच घेत नाहीत तर आपल्याला कुठलं घेणार? आली घरी निघून.”

“माझ्या मते त्यांना भूक लागली असेल,” खारूताई म्हणाली. तिच्या मते जगातल्या प्रत्येक घटनेचं हेच कारण असतं.

मी हसले, पण वरवरच. कारण एक गोष्ट या दोघींना ठाऊक नव्हती. काकाचा दुसऱ्या गावी रंगाचा कारखाना आहे, आणि तो बाबांना कधीपासून म्हणतोय, “सोड ते खडू-फळा, माझ्याकडे ये.” गेल्या महिन्यात बाबा त्याला फोनवर म्हणाले होते, “बघू. सत्र संपलं की सांगतो.” आधी ते सरळ ‘नाही’ म्हणायचे. बाबांची नोकरी गेली, तर आम्ही काकाच्या गावी. म्हणजे नवी शाळा, नवा वर्ग, नवं शेवटचं बाक. आणि मी पुन्हा हात वर करून हजेरी देणारी मुलगी.

तपास तातडीने हाती घेतला.

पहिला सिद्धान्त: बाबांना शिक्षा झाली, कारण ते वर्गात बोलत होते. हा माझ्या अनुभवावर आधारलेला होता. वकीलीणबाईंनी हरकत घेतली, “अगं, वर्गात बोलायचाच पगार मिळतो त्यांना.” हरकत मान्य करावी लागली.

दुसरा सिद्धान्त मला न्हाणीघराच्या दाराशी मिळाला. आतून बाबांचा आवाज येत होता. “मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का?... नाही, थांबा, घाई करू नका, मी वाट बघतो...” मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा, “कोणीच काही बोलत नाही म्हटल्यावर...” माणूस आरशासमोर असं कधी बोलतो? निरोपाच्या भाषणाची तालीम करताना! पुढे गळा दाटून आल्याचा आवाजही आला. तो गुळण्यांचा होता हे नंतर कळलं, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला.

तिसरा सिद्धान्त मात्र पुराव्यांसकट चालत घरी आला. बाबा पुठ्ठ्याचे रिकामे खोके घेऊन आले आणि ते त्यांनी कपाटामागे सरकवले. सामानाची बांधाबांध! त्याच दिवशी आईची बटणांची बरणी गायब झाली. आई कपडे शिवते. पुढची खोली तिचं दुकान आणि ती बरणी तिचा खजिना. नोकरी गेली की माणूस आधी घरातल्या वस्तू विकतो. बाबांनी सुरुवात बटणांपासून केली होती.

“आई,” मी गंभीर आवाजात म्हणाले, “तुझी बरणी कुठे गेली, माहीत आहे?”

आई एका कोटाच्या बाहीवर वाकली होती. तोंडात टाचण्यांची रांग. “हं,” ती म्हणाली.

“तू खचून जाऊ नकोस.”

“हं?”

“मी आहे ना.”

“हं,” आई म्हणाली. सोशिक बाई.

राहता राहिली करड्या स्वेटरवाली बाई. चौथा सिद्धान्त असा, की तिनेच बाबांची जागा पटकावली. विद्यापीठ शाळेच्या मागच्याच रस्त्यावर आहे. शाळा सुटल्यावर आम्ही तिघी तिकडे पोचलो, आणि नशीब बघा, जिन्यातच करडा स्वेटर दिसला! बाईंच्या हातात बिस्किटांचं भलंमोठं ताट होतं. आम्ही पाठलाग सुरू केला. मी खांबाआड लपत, वकीलीणबाई माझ्याआड लपत. खारूताई सरळ ताटामागून चालत.

बाई एका खोलीत शिरल्या. दारावर पाटी होती: ‘अध्यापन साहाय्य केंद्र’. दाराला काचेची चौकट होती. मी टाचा उंचावून आत डोकावले आणि थिजले.

आत बाकांवर मोठी माणसं बसली होती. केस पांढरे, चष्मे जाड. एक गृहस्थ बाकाखाली मोबाईल धरून बोटं चालवत होते. दोघी जणी तोंडावर वही धरून कुजबुजत होत्या. एक दाढीवाले आजोबा धापा टाकत आमच्या बाजूने आत घुसले आणि म्हणाले, “सॉरी मॅडम, गाडी लावायला जागाच मिळाली नाही.” आणि फळ्यासमोर, पुठ्ठ्याचे खोके आणि आईची रिकामी बरणी मांडून, माझे बाबा!

“काय दिसतंय?” वकीलीणबाईंनी माझी ओढणी ओढली.

“कैदी,” मी कुजबुजले. “नोकरीवरून काढलेले सगळे प्रोफेसर इथे डांबून ठेवलेत. त्यांच्याकडून बटणं मोजून घेतात. नंतर बहुतेक रंगाच्या कारखान्यात पाठवतात. हे फार मोठं जाळं आहे. आता खारूताईला मागच्या दाराशी...” मी वळले. “खारूताई कुठेय?”

खारूताई आत होती. पुढच्या बाकावर बसून, दोन्ही हातांत बिस्किटं घेऊन, काचेतून आम्हाला टाटा करत होती.

थोड्या वेळाने ती दार उघडून बाहेर आली. “या ना गं. हे सगळे प्रोफेसर आहेत. कसं शिकवायचं ते शिकतायत. त्या स्वेटरवाल्या बाई शिकवतात. बिस्किटं खारी आहेत, पण चालतील.”

“हे तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“मी विचारलं.”

तपासाची ही पद्धत माझ्या डोक्यात खरंच आली नव्हती.

बाईंनी आम्हाला आत बोलावलं. मी सवयीने शेवटचं बाक गाठलं. बाबांनी मला बघितलं, त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्यांनी घाईघाईने फळ्याकडे तोंड केलं.

“चला सर, पुन्हा एकदा,” बाई म्हणाल्या. “आणि बाकीच्यांनी लक्षात ठेवा, इथे तुम्ही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आहात.”

बाबांनी सुरुवात केली. “समजा, या खोक्यात असंख्य बटणं आहेत...” आणि मग ते फळ्याशी बोलू लागले. फळ्यावर अक्षरं उमटली, अक्षरांवर टोप्या आल्या, टोप्यांखाली रेघा आल्या. बाबा फळ्याला म्हणाले, “का बरं असं?” आणि फळ्याने उत्तर द्यायच्या आत स्वतःच देऊन टाकलं.

“कोणाला काही समजलं नाही का?” बाईंनी विचारलं.

सगळी खोली माना डोलवत होती. “अप्रतिम, सर.” “फारच सुबोध.” दाढीवाले आजोबा, जे आयुष्यभर झाडंझुडपं शिकवत आले होते, ते तर डोळे मिटून डोलत होते. बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “दर वेळी हेच! सगळ्यांना सगळं समजतं. मग वर्गात मुलं झोपतात ती कुठली?” विद्यार्थ्याचं बाकी सगळं सोंग प्रोफेसरांना झकास जमत होतं. उशिरा येणं, कुजबुजणं, मोबाईल, सगळं. फक्त ‘समजलं नाही’ हे दोन शब्द त्यांच्या घशातून वर येत नव्हते.

बाबा पाठमोरे उभे होते. खांदे पडलेले. काकाच्या कारखान्याच्या वाटेला लागलेला माणूस मागून असाच दिसत असणार.

शेवटचं बाक, खिडकीची बाजू. मी हात वर केला. मग आठवलं की ही हजेरी नाही, पुढे बोलायचंही असतं.

“मला समजलं नाही.”

बाबा वळले. फळा सोडून, पूर्ण वळले. “कुठपासून?”

“‘समजा’ म्हणालात तिथपासून.”

खोलीतल्या डोलणाऱ्या माना थांबल्या. मग दाढीवाले आजोबा हळूच म्हणाले, “खरं सांगायचं तर... मलाही.” आणि मग बांध फुटला! “त्या टोप्या कसल्या?” “रेघ वर की खाली?” मोबाईलवाल्यांनी मोबाईल खिशात टाकला. बाबांनी खडू ठेवून दिला. खोका उचलून माझ्या बाकाशी आले आणि म्हणाले, “मूठ भर. न बघता.”

मुठीत तीन बटणं आली. तिन्ही काळी.

“खोक्यात काय आहे?”

“सगळी काळी,” मी ताडकन म्हणाले.

बाबांनी खोका उपडा केला. पांढरी, निळी, सोनेरी बटणं बाकभर घरंगळली. “तीन बटणं बघून अख्ख्या खोक्याचा निकाल द्यायचा नसतो, बाळा. आणखी किती काढायची, तेच तर मी शिकवतो.”

न्हाणीघरातली गुळणी, कपाटामागचे खोके आणि रिकामी बरणी माझ्या डोळ्यांसमोरून सरकली. मी हे थोडं मनाला लावून घेतलं.

पण तोंड उघडलंच होतं, तर म्हटलं पैजही फेडावी. “बाबा, तुम्हाला वर्गाबाहेर उभं का केलं होतं?”

वकीलीणबाईंनी श्वास रोखला. बाबा मात्र हसले. “कोणी केलं नाही, मी आपणहून राहिलो. वर्ग रिकामा व्हायला लागला होता. म्हणून मी या बाईंना बोलावलं. मी कसं शिकवतो ते त्या मुलांना विचारत होत्या. मी आत असतो तर कोण खरं बोललं असतं?”

“काय म्हणाली मुलं?”

“म्हणाली, सरांचं टक्कल आम्हाला तोंडपाठ आहे. चेहरा रस्त्यात दिसला तर ओळखणार नाही.”

“बाहेर उभं असताना भीती वाटली?”

“परवा तुला मीठ मागताना वाटली होती ना, तेवढी,” बाबा म्हणाले. “तुझ्या ताटात मीठ आधीच होतं.”

घारीची नजर घराण्यात कोणाकडून आली, याचा खुलासा झाला.

घरी आल्यावर मी आईला सगळं रहस्य उलगडून सांगितलं. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. “अगं, हे सगळं त्यांनी मागेच जेवताना सांगितलं होतं. बटणंही मीच दिली. तू तेव्हा टेबलाखाली शिरून कोणाच्यातरी पायांचे ठसे घेत होतीस.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

दोन दिवसांनी बाबा खोके घेऊन पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले. मी शाळेत, पण जीव तिकडे. संध्याकाळी वकीलीणबाईंचा फोन आला. “ताई आज वेळेवर गेली होती! म्हणते, तास संपला तरी कोणी उठेना, सगळे बटणं काढत बसले होते. आणि ती विचारतेय, सरांना मिशा कधीपासून आहेत?”

“पहिल्यापासून!”

“वर्गाला आज कळलं.”

रात्रीचं जेवण होत आलं होतं तेवढ्यात काकाचा फोन आला. आईने पाण्याचा जग हवेतच धरला. मी चावायची थांबले.

“नाही रे,” बाबा म्हणाले, “नको. आत्ता नाही, सत्र संपल्यावरही नाही. माझं इथलं शिक्षण अजून पूर्ण झालेलं नाही.” त्यांनी फोन ठेवला आणि गुणगुणत ताट पुढे ओढलं.

मग मी खुर्चीत ताठ झाले. घसा साफ केला. बाबांनी मिठाची बाटली माझ्याकडे सरकवली, ती मी परत सरकवली.

“आई, बाबा, मी ठरवलंय. मी मोठी झाल्यावर प्रोफेसर होणार.”

“अरे वा!” बाबा म्हणाले. “आणि गुप्तहेरगिरी?”

“तो जोडधंदा. पण प्रोफेसर नक्की. तुम्हाला वर्गाबाहेर उभं राहायला टक्कल पडेपर्यंत वाट बघावी लागली. माझी तयारी आत्ताच जोरात चालू आहे. उद्या शाळेतून फोन येईल, तेव्हा तुम्हाला कळेलच.”